सर्दीचं गिऱ्हाईक आणि तलफेचं गिऱ्हाईक

काउंटरवरून : वाचकांचे प्रश्न, मेडिकलवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सर्दीची गोळी आणि तंबाखू सोडायची गोळी (म्हणजे निकोटिनचा चुईंगम, निकोटिन गम) ही दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जातात, पण दोघांचं गिऱ्हाईक एकसारखं अजिबात नसतं. त्यावर इतके प्रश्न आले की मोबाईल हँग व्हायची वेळ आली. सगळे घेता येणार नाहीत, सहा घेतलेत. एक आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, कराडात २७ वर्षं मेडिकल चालवतोय एवढंच. धंद्याचं विचारा, डोसाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : काका, माझं डी.फार्म झालंय, बार्शीत मेडिकल टाकायचं चाललंय. मित्र म्हणतो चिठ्ठीची औषधं ठेवूच नको, त्यात डॉक्टरांच्या मागे फिरावं लागतं. फक्त ओटीसी ठेव, सर्दी-खोकला, बाम, निकोटिन गम, ह्याच्यात फ्युचर आहे. जमेल का? (बार्शी)

मित्राला आधी विचारा, त्यानं कधी काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून एक पावसाळा काढलाय का.

पहिली गंमत अशी की ओटीसी नावाचा वेगळा कप्पा आपल्या कायद्यात नाहीच. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम, त्यात शेड्यूल एच, एच-वन, एक्स असे गट आहेत, त्यांना चिठ्ठी लागते. ह्या गटांत जे येत नाही ते आपोआप चिठ्ठीशिवाय, म्हणजे लोक ज्याला ओटीसी म्हणतात ते. त्यामुळे कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये जो 'ओटीसी बाजार' दाखवतात त्यात कुणी बाम धरतं, कुणी व्हिटॅमिन धरतं, कुणी च्यवनप्राशसुद्धा धरतं, आणि आकडा फुगत जातो. तुमच्या बार्शीच्या काउंटरवर त्यातलं काय येणार हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता सर्दीचं गिऱ्हाईक कसं असतं बघा. सकाळी साडेआठला शटर वर करता करताच एकजण येतो, नाक रुमालात, म्हणतो सर्दीची गोळी द्या, झोप न येणारी. तुम्ही दहाची स्ट्रिप काढली की म्हणतो दोनच द्या. तुम्ही कात्री घेता, दोन गोळ्या कापता, कापताना एक्स्पायरीची तारीख आणि बॅच नंबर आहे तो तुकडा शेवटपर्यंत आपल्याकडे राहील असं बघता (हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडून घ्या, नाहीतर उरलेल्या चार गोळ्यांची तारीख कुणालाच कळत नाही). तो दहाची नोट देतो, सुट्टे नाहीत म्हणून तुम्ही एक गोड गोळी देता, तो गेला. दहा रुपयांच्या व्यवहाराला तीन मिनिटं. ह्याला बाजार म्हणतात.

हिशोब मांडू. सरकारनं भाव न बांधलेल्या मालावर दुकानदाराला साधारण २० टक्के सुटतात आणि स्टॉकिस्टला (घाऊकवाल्याला) १०, सरकारनं भाव बांधलेल्या औषधांवर तेच १६ आणि ८. समजा सीझनला तुम्ही दिवसाला ४० रुपयांच्या ६० स्ट्रिपा विकल्या, जे नव्या दुकानाला भारीच झालं, तर विक्री २४०० आणि हातात ४८०. महिन्याला १४ हजार ४००. त्यातून भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार. आणि हा सीझनचा हिशोब. सर्दीचा सीझन म्हणजे पहिला पाऊस पडल्यावरचे पंधरा-वीस दिवस, मग गणपतीच्या आसपास, मग दिवाळीनंतर थंडी पडली की. एप्रिल-मे मध्ये तीच स्ट्रिप तुमच्याकडे बघत बसते.

आणि ह्या सर्दीच्या गोळीवर सरकारची नजर कधी पडेल सांगता येत नाही. मार्च २०१६ मध्ये एका फटक्यात ३४४ कॉम्बिनेशनवर (एकाच गोळीत किंवा सिरपमध्ये दोन-तीन औषधं एकत्र) बंदी आली, रोज मागितलं जाणारं विक्स ॲक्शन ५०० एक्स्ट्रा आणि कोरेक्स थांबलं, माझ्याकडे गिऱ्हाईक भांडायला लागलं की लपवून ठेवलंय म्हणून. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं बंदी रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तज्ज्ञांकडे गेलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा ३२८ कॉम्बिनेशन बंद. नंतर डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन (सर्दीच्या गोळ्यांतली नेहमीची दोन औषधं) एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असा आदेश निघाला. ज्याचं अख्खं दुकान ह्याच मालावर उभं आहे त्यानं अशा वेळी काय करायचं?

मग करायचं काय, तर बीपी-शुगरची महिन्याची गिऱ्हाईकं बांधायची. ती दर महिन्याला येतात, घरचं सगळं तुमच्याकडून नेतात, आणि सर्दीची गोळीही त्याच पिशवीत जाते. सर्दीनं गिऱ्हाईक दुकानात येतं, राहतं ते बीपीच्या गोळीमुळे. लायसन्सला १० चौरस मीटर जागा, रजिस्टर्ड फार्मासिस्ट (तुम्ही स्वतः आहातच), फ्रीज, आणि अन्न व औषध प्रशासनाचे फॉर्म २० आणि २१, हे सगळं ओटीसी ठेवा नाहीतर अख्खं मेडिकल ठेवा, तेवढंच लागतं. मग अर्धं दुकान कशाला थाटता.

प्रश्न : माझं फलटणजवळच्या एका गावात किराणा दुकान आहे. लोक डोकेदुखी-सर्दीच्या गोळ्या मागतात, तालुक्याला जायला एसटी दोनच. ठेवल्या तर चालतील का, कुणी पकडेल का? (ता. फलटण)

'कुणी पकडेल का' ह्याच्याआधी 'चालतील का' बघू.

नियमांत शेड्यूल के म्हणून एक सवलतीची यादी आहे. ज्या गावाची लोकसंख्या १००० च्या वर नाही तिथे काही घरगुती औषधं लायसन्सशिवाय विकता येतात : ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, आम्लपित्ताच्या गोळ्या, सर्दीचा इन्हेलर, खोकल्याच्या गोळ्या वगैरे. अट अशी की माल लायसन्सवाल्याकडून घेतलेला हवा आणि कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये न फोडता विकायचा. म्हणजे दोन गोळ्या कापून द्यायच्या नाहीत. गाव मोठं असेल तर फॉर्म २०-ए चं मर्यादित लायसन्स मिळतं, त्याला फार्मासिस्ट लागत नाही, त्यासाठी साताऱ्याला अन्न व औषधच्या ऑफिसात विचारा.

खोकल्याची सिरप मात्र ठेवू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे २० हून जास्त लहान मुलं कोल्ड्रिफ नावाच्या सिरपनं गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. त्यानंतर सिरप हा शब्दच ह्या सवलतीच्या यादीतून काढायची हालचाल सुरू झाली. यादीत राहिली काय नि गेली काय, किराणा दुकानातून लहान पोराला सिरप जाऊ नये असं मला वाटतं.

बाकी तुमच्या बरणीशेजारी विक्सची छोटी डबी आणि अमृतांजन बिनधास्त ठेवा. बऱ्याच लोकांना माहीत नसतं, विक्स व्हेपोरब आपल्याकडे आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं. डबी उलटी करून वाचा, पुदिन्याचं फूल, कापूर, ओव्याचं फूल, निलगिरी तेल अशी नावं दिसतील. आयुर्वेदिक माल बनवायला लायसन्स लागतं, विकायला लागत नाही, म्हणून ती डबी पानटपरीपासून मॉलपर्यंत सगळीकडे. अमेरिकेत १८९० च्या दशकात एका औषधवाल्यानं काढलेला मलम, इकडे येऊन आयुर्वेदिक झाला आणि त्याच्या जोरावर किराण्यात शिरला. अमृतांजनचं उलटं, ते १८९३ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालं आणि नंतर मद्रासला गेलं. माझी आजी दोन्ही लावायची, नाकाला एक आणि कपाळाला एक. (२ वर्षांखालच्या बाळाला विक्स लावायचं नाही हे मात्र येणाऱ्या प्रत्येक आईला सांगा, डबीवर लिहिलेलं कुणी वाचत नाही.)

प्रश्न : आम्ही पुण्यात तिघं मिळून निकोटिन गमचा नवा ब्रँड काढायच्या विचारात आहोत. देशात २६ कोटींवर लोक तंबाखू वापरतात, त्यातल्या १ टक्क्यानं घेतलं तरी २६ लाख गिऱ्हाईक. गुंतवणूकदार खूश आहेत. तुम्ही दुकानदार म्हणून काय म्हणाल? (पुणे)

ताई, '१ टक्का घेतलं तरी' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हा १ टक्का कोण, त्याचं नाव-गाव सांगा असं गुंतवणूकदारांनी विचारलं नाही का?

तुमचा आकडा बरोबर आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात १५ वर्षांवरचे २६ कोटी ७० लाख लोक तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे २८.६ टक्के. पण तेच सर्वेक्षण एक पान पुढे वाचा. देशात बिडी-सिगारेट ओढणारे १०.७ टक्के आणि तोंडात धरणारे २१.४. आणि आपल्या महाराष्ट्रात ओढणारे फक्त ३.८ टक्के, तोंडात धरणारे २४.४! म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कॉफी शॉपबाहेर सिगारेट ओढणारा आयटीवाला आहे असं जे डोक्यात आहे ना, तो राज्यात शंभरात चारसुद्धा नाही. खरा माणूस तो आहे जो बांधावर बसून डाव्या तळव्यावर तंबाखू घेतो, चुन्याच्या डबीतून नखावर चुना काढतो, उजव्या अंगठ्यानं मळतो, दोन टाळ्या मारून भुसा उडवतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो. आणि ती बाई आहे जी सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावते आणि 'दात घासते' म्हणते. तिला तंबाखूचं व्यसन आहे हे घरात कुणाला मान्यच नसतं, ती काय दुकानात येऊन गम मागणार.

आता ह्या माणसाच्या खिशाकडे बघा. त्याची पुडी दोन दिवस जाते आणि शेजाऱ्यालाही चिमूट मिळते. उलट मळून देणं हा मानपान आहे, बोलायला सुरुवात त्यानंच होते. तुमची २ मिलिग्रॅमची एक गोळी माझ्या काउंटरवर दहा रुपयांच्या घरात पडते, दिवसाला आठ-दहा लागतात म्हणजे शंभर रुपये. तो म्हणतो, सोडायचं ते पैसे वाचवायला ना, मग सोडताना जास्त पैसे कशाला? मला ह्याचं उत्तर आजवर देता आलं नाही. सिगारेटवाल्याचं गणित वेगळं, तो एका सिगारेटला तेवढेच किंवा जास्त देतो, त्याला गम महाग वाटत नाही. म्हणून गम शहरात चालतो, आणि शहरातही हायवेच्या कडेच्या मेडिकलात आणि ऑफिसांच्या भागात चालतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एका कंपनीचा पोरगा येऊन माझ्या काउंटरवर रंगीत स्टँड लावून गेला, दहावर एक फ्री. पहिल्या महिन्यात धडाधड गेलं. कारण काय तर लोकांना वाटलं तोंडाला वास येत नाही, गाडीत चघळायला बरं. एक एसटीचा ड्रायव्हर होता, रोज गमच्या दोन सुट्ट्या गोळ्या न्यायचा, म्हटलं वा, सोडतोय. एक दिवस विचारलं तर म्हणाला, "सोडलं कुठं, ड्युटीवर ही आन् उतरल्यावर ती." म्हणजे मी त्याला पर्याय विकलाच नव्हता, जोडीला विकलं होतं. तीन महिन्यांनी स्टँडवर धूळ, वर्षानं एक्स्पायरी, आणि रिटर्न घ्यायला तो पोरगा कंपनी सोडून गेलेला. माझे साडेतीन हजार गेले, स्टँडवर आता सॅनिटायझर ठेवतो.

ह्या मालाचा स्वभाव बघा. ज्याचं जमतं तो बारा आठवड्यांत तुम्हाला सोडून जातो, आणि ज्याचं जमत नाही तो चार दिवसांत. वर्षानुवर्षं राहतो तो गमलाच चिकटलेला, आणि त्याच्यावर धंदा उभा करायचा असेल तर ते गुंतवणूकदारांना उघड सांगता येणार नाही.

कायद्याचं पण बघून ठेवा. २ मिलिग्रॅमचा गम आणि लॉझेंज (चोखायची गोळी) चिठ्ठीशिवाय चालतो, ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा पर्याय (तंबाखूऐवजी घ्यायचे गम वगैरे) आलाय, ती यादी भाव बांधायचा पाया असते, म्हणजे वाटेल तो भाव लावू असं धरून चालू नका. आणि बाजार मोकळाही नाही, सिप्लाचं निकोटेक्स टीव्हीवर आहे, निकोरेट आहे, रुसानचं टुबॅकोनिल आहे, कातडीला चिकटवायच्या पॅचसकट.

एवढं बोललो म्हणजे गम बोगस आहे असं समजू नका. सिगारेट सोडणाऱ्यांवरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा निकोटिनच्या पर्यायानं सोडायची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच त्याला अत्यावश्यक यादीत घेतलं. तोंडातल्या तंबाखूसाठी मात्र पुरावा तेवढा भक्कम नाही. आणि ह्यात एक गंमत आहे. हा गम सुचला तोच मुळी चघळणाऱ्यांवरून! १९६७ मध्ये स्वीडनच्या लुंडमधल्या एका संशोधकानं पाहिलं की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू चघळतात, त्यानं लिओ नावाच्या औषध कंपनीतल्या ओव्हे फर्नो ह्या मित्राला कळवलं, त्यावरून निकोटिनचा चुईंगम तयार झाला आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा विकायला आला. अमेरिकेत १९८४ ला चिठ्ठीवर, १९९६ ला चिठ्ठीशिवाय. तिकडे तंबाखूवरून गम झाला, आणि आपल्याकडे तंबाखू चघळणाऱ्यालाच तो गम विकता येत नाही.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर पुदिना आणि दालचिनीच्या फ्लेवरमध्ये अजून एक भर घालू नका. दोन-दोन गोळ्यांचं पाकीट काढा जे पहिल्या दिवशी परवडेल, आणि त्याच्यावर कसा चघळायचा ते चित्रात काढा. निम्मे लोक तो साध्या चुईंगमसारखा चावत सुटतात, घसा जळतो, उचकी लागते, आणि थुंकून देतात. साखर कारखाना, एसटी डेपो, एमआयडीसीतल्या कंपन्या, ह्यांच्याकडे जा, कामगारांसाठी कंपनीनं विकत घ्यावा म्हणून. माझ्या काउंटरवर नका येऊ, स्टँडला जागा नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. दर वर्षी भारतातून येताना सासूबाई सर्दीच्या गोळ्यांच्या पंधरा स्ट्रिपा आणतात, म्हणतात तुमच्या इकडच्या गोळ्यांना दम नाही. इकडे मध्यंतरी बातमी होती की सर्दीच्या गोळीतलं औषध काम करत नाही. मग इकडची आणि तिकडची गोळी वेगळी आहे का? (न्यू जर्सी)

सासूबाईंना दुखवू नका, पण गोळी बरीचशी तीच आहे.

तुमच्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या (तिकडच्या सरकारी औषध खात्याच्या) सल्लागार समितीनं १६ विरुद्ध शून्य असा कौल दिला की पोटात घ्यायचं फिनाईलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएनं ते चिठ्ठीशिवायच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. नाकात मारायच्या स्प्रेबद्दल हे म्हणणं नाही, फक्त गोळी आणि सिरपबद्दल. कारण गोळी पोटात गेली की ती आतड्यात आणि यकृतातच मोडते, नाकापर्यंत कामाचं औषध १ टक्कासुद्धा पोचत नाही. आणि एकट्या २०२२ मध्ये तिकडे ह्या औषधाचा सुमारे १.८ अब्ज डॉलरचा माल खपला होता. इतकं ते खपायला लागलं ह्याचंही कारण आहे. ज्यानं खरंच नाक मोकळं व्हायचं ते सुडोएफेड्रिन, त्यापासून लोक घरात ड्रग्ज बनवायला लागले म्हणून २००६ पासून ते काउंटरच्या मागे गेलं, ओळखपत्र दाखवून घ्यायचं झालं, आणि समोरच्या फळीवर फिनाईलेफ्रिन आलं.

आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांतही बहुतेक तेच फिनाईलेफ्रिन असतं, सोबत पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन. मग सासूबाईंना बरं का वाटतं, तर पॅरासिटामॉलनं अंगदुखी-ताप उतरतो, क्लोरफेनिरामिननं नाक गळायचं कमी होतं आणि गाढ झोप लागते. आपल्या माणसाला झोप लागली की औषध लागू पडलं असं वाटतं. मोठ्यांसाठी इकडे ह्यावर बंदी नाही, मागणीही कमी झालेली नाही, ती बातमी माझ्या काउंटरवर कुणी वाचलेली नाही. मी स्वतः नाक चोंदलं की वाफ घेतो आणि रात्री नाकात थेंब टाकतो, तेही तीन-चार दिवसांच्या वर नाही, नाहीतर थेंबाशिवाय नाक उघडतच नाही अशी सवय लागते. अशी दोन माणसं माझी कायमची गिऱ्हाईकं आहेत, एकानं तर बाटली की-चेनला लावलीय.

एवढंच बघा, सर्दीची गोळी आणि वरून तापाची गोळी असं एकदम घेऊ नका, दोन्हीत पॅरासिटामॉल असतं आणि घेणाऱ्याला कळतही नाही.

प्रश्न : गोव्यात कळंगुटला माझं जनरल स्टोअर आहे. टुरिस्ट लोक व्हेप आणि ओठाखाली ठेवायचे निकोटिनचे पाऊच मागतात. एकजण माल आणून द्यायला तयार आहे, मार्जिन दुप्पट म्हणतो. (बार्देश)

हात लावू नका. व्हेपवर २०१९ पासून बंदीचा कायदा आहे, विकलं तर पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं साठवून ठेवलं तरी ६ महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. 'विकत नाही, फक्त ठेवलंय' हे चालत नाही. पाऊचचं म्हणाल तर निकोटिन खाद्यपदार्थात घालता येत नाही असा अन्नसुरक्षेचा २०११ चा नियम आहे, म्हणजे ते खाऊ म्हणून विकता येत नाही, आणि औषध म्हणून विकायचं तर त्यावर औषधाचा लायसन्स नंबर हवा. त्या माणसाला विचारा पुडीवर नंबर कुठं आहे. स्वीडन-अमेरिकेत ते चालतं म्हणून कळंगुटला चालत नाही, पकडलं तर टुरिस्ट विमानात असतो आणि तुम्ही दुकानात.

दुप्पट मार्जिनचं म्हणता तर विक्सची डबी ठेवा ना, तुमच्याच कुंडईला कारखाना आहे त्यांचा. मार्जिन दुप्पट नाही, पण पावसाळ्यात बीचवर भिजलेला प्रत्येक टुरिस्ट तुमचाच.

प्रश्न : माझे मिस्टर खर्रा खातात, दिवसाला पाच-सहा. मेडिकलवाल्यानं निकोटिनचा गम दिला, पंधरा दिवस झाले, गमही खातात आणि खर्राही. गम खोटा आहे का? जाहिरातीत तर माणूस लगेच हसायला लागतो. (वर्धा)

ताई, गम खोटा नाही, पण तुमच्या मिस्टरांची सवय एक नाही, दोन आहेत. पन्नीवर घोटलेल्या खर्ऱ्यात तंबाखू आणि चुना असतोच, पण सगळ्यात जास्त असते सुपारी. सुपारीची तिची स्वतःची तलफ असते, आणि सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करणारी आहे हे २००४ पासून ठरलेलं आहे. गम निकोटिनची भूक भागवतो, सुपारीची नाही. जाहिरातीतला माणूस सिगारेट ओढणारा असतो, विदर्भातला खर्रा खाणारा त्यात कधी दिसणार नाही.

आधी त्यांचं तोंड दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील, तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, आत पांढरे चट्टे असतील, तर थांबू नका. मग १८०० ११ २३५६ ह्या सरकारी फुकट नंबरवर त्यांनाच फोन लावू द्या, तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. ते लोक तारीख ठरवून घेतात आणि नंतर पुन्हा फोन करतात. सुपारीच्या जागी तोंडात काहीतरी लागतं, लवंग, भाजलेली बडीशेप, आवळासुपारी, ज्यात सुपारी नाही असं बघून.

आणि गम डॉक्टरांना विचारून चालू ठेवायचा असेल तर असा खायला सांगा : हळूहळू चावायचा, तिखटपणा आणि मुंग्या जाणवल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. त्याच्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, चहानंतर लगेच गम घेतला तर निकोटिन नीट उतरत नाही, आणि आपल्याकडे तर तलफ येते तीच चहानंतर. खर्ऱ्याची पन्नी खिशात ठेवून वरून गम खाऊ नका म्हणावं, दोन्हीचं निकोटिन एकत्र झालं की मळमळतं, डोकं गरगरतं, आणि दुसऱ्या दिवशी फेकला जातो तो गम, खर्रा नाही.